कपितानाचं कापड

कपितानाचं कापड घरात होतं, पण घराचं नव्हतं.

ठाण्याच्या तलावापासून चेंदणीकडे उतरणाऱ्या गल्लीत तेव्हा अजून चार-दोन रेशमाचे माग चालत. त्यातल्याच एका घरी, अल्फान्सो विणकऱ्याच्या लाकडी पेटीत ते असायचं. हातभर रुंद, दीड हात लांब, सायीच्या रंगाचं, काठाला बोटभर तांबडी रेघ. घरात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या दिवशी ते बाहेर निघे. मुलाला त्यात गुंडाळून देवळात नेत, पाद्री डोक्यावर पाणी घालत, आणि घरी आल्याबरोबर घडी परत पेटीत जाई. ते धुवायचं नाही, त्याला सुई लावायची नाही, कुणी त्यावर हक्क सांगायचा नाही. कारण ते उसनं होतं.

त्याची गोष्ट अल्फान्सो सांगे ती अशी. फिरंग्यांचं राज्य होतं, मराठ्यांनी ठाणं घेतलं त्याच्याही शंभर वर्षं आधीचं. चीनहून रेशमाच्या लडी घेऊन गलबतं वसईला लागत. तिथून लडी होड्यांत बसून खाडीने ठाण्याला येत, इथे त्यांचं कापड होई, आणि कापड पुन्हा होड्यांत बसून आल्या वाटेने परत जाई, गोव्याला, आणि गोव्याहून लिस्बनला. अशाच एका गलबताच्या कपितानाने या घरच्या मूळपुरुषाला, पास्कूला, एक जास्तीचं काम सांगितलं. त्याची बायको लिस्बनला पोटुशी होती. आता बाळंत झाली असेल, म्हणाला, बाप्तिस्म्याला कापड हवं. माप काय, तर त्याने आपला हात पुढे केला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एवढं पोर असेल; मग कापड दीड हाताचं ठरलं. तो लिस्बनला पोचेपर्यंत ते पोर चालायला लागलेलं असणार, हे त्या खुळ्याच्या ध्यानात आलं नाही, आणि पास्कूनेही ते बोलून दाखवलं नाही. कपितान पुन्हा चीनकडे गेला. परतीच्या वाटेवर नेतो म्हणाला. तो परत आला नाही.

पास्कूने सहा वर्षं वाट पाहिली. मग त्याच्या घरी मुलगी झाली. पौषातली थंडी, घरात धड लुगड्याचा तुकडा नाही. त्याने ते कापड काढलं, मनातल्या मनात कपितानाला सांगितलं की आजच्यापुरतं घेतो, आणि पोरीला गुंडाळून देवळात नेलं. तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक मूल उसन्या कापडात देवळात गेलं होतं.

प्रत्येक म्हणजे, इनासचं पहिलं सोडून.

इनास ही अल्फान्सोची सून. माहेर माजिवड्याचं, भातशेतीचं. तिचा नवरा कायतान हा त्या घरातला माग सोडणारा पहिला. रेल्वे ठाण्यात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि कायतानला मागावरच्या धोट्यापेक्षा पाना-हातोडा आवडला. तो कल्याणला रेल्वेच्या कामावर होता. आठवडाभर तिथे बहिणीकडे राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी यायचा. दोन वर्षांपूर्वी इनासचा पहिला मुलगा आठव्या महिन्यातच जन्मला. कायतान कल्याणला, सासरा कापड विकायला मुंबईला, पेटीची चावी सासऱ्याच्या कमरेला. पोर निळं पडायला लागलं तशी सुईण आवडाबाई उठली. ती कोळीण, खंडोबाची भक्त. पण पाद्र्यांनी गल्लीतल्या सगळ्या सुइणींना वेळप्रसंगासाठी बाप्तिस्म्याचे शब्द शिकवून ठेवले होते. तिने तांब्यातलं पाणी पोराच्या कपाळावर घातलं, ते शब्द म्हटले आणि आपल्या पदराने त्याचं डोकं पुसलं. पोर दुसऱ्या दिवशी गेलं.

पोर कापडाविना गेलं, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. इनास स्वतःच स्वतःला ते रोज म्हणत होती.

आता दुसऱ्या खेपेला मुलगी झाली होती, एकोणीस दिवसांची. पूर्ण दिवसांची, काळ्याभोर जावळाची, भूक लागली की गल्ली गोळा करणारी. पण इनासला चैन नव्हतं. पोर झोपली की ती तर्जनी आडवी करून तिच्या नाकाखाली धरी. श्वास लागला की बोट काढी, आणि दहा पावलं जाऊन परत येऊन पुन्हा धरी. कोण शिंकलं, कोण कुठून आलं, कुणाच्या घरी अंगावर पुरळ आहे, सगळ्यावर तिची नजर. आवडाबाई पोरीला तेल लावता लावता तिची थट्टा करायची. "काय गो इनास, पोरीवर पहारा बसवलास की कैद्यावर? ठाण्याच्या तुरुंगात जा, तुला शिपाई करतील." इनास हसायची आणि हसता हसता पोरीच्या छातीचं वरखाली होणं बघायची.

पाद्री गोव्याला गेले होते, पुढच्या आठवड्याअखेर परतणार होते. त्या रविवारी बाप्तिस्मा ठरला. कापड मात्र तेव्हा पेटीत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी कल्याणच्या नणंदेच्या मुलासाठी ते गेलं होतं, आणि आठवडाभर आधीच्या शनिवारी कायतानने गाठोड्यातून आणून इनासच्या हाती दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत गेला. जाता जाता, बोलण्याच्या ओघात, सांगून गेला की बहिणीच्या शेजारच्या खोलीत देवी आल्यात, एक पोर गेलं, पण आपल्याकडचे सगळे ठणठणीत आहेत.

झालं. गाठोडं कोपऱ्यात, पोर झोळीत, आणि मध्ये इनास.

देवी काढणारा सरकारी माणूस उन्हाळ्यात गल्लीत आला होता तेव्हा त्याने बायकांना ओट्यावर बसवून समजावलं होतं. देवीच्या घरातला कपडा असाच वापरू नका, खळखळ उकळा. बाकीच्या विसरल्या. इनास विसरली नव्हती. कापड त्या घरचं नाही, शेजारच्या घरचं. पण भिंत एकच, दोरी एकच, कोण जाणे कुणाचा हात लागला असेल. सासऱ्याला विचारावं तर तो म्हणणार, कापडाला पाणी लावायचं नाही. न विचारावं तर रविवारी आपल्याच हाताने पोरीला त्यात गुंडाळायचं.

सोमवारी सकाळी अल्फान्सो काठी टेकत टेंभीकडे दाढी करायला गेला. इनासने मागल्या पडवीत चूल पेटवली, हंडा ठेवला. माहेरी जशी बाळंतिणीची धडुती उकळत तसंच. पाणी उकळलं तशी मूठभर सज्जीखार टाकला, आणि वर कापड सोडलं.

सुती कापड ती जन्मभर उकळत आली होती. रेशमाशी तिचा संबंध कधी आला नव्हता. या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, पण ती आल्यापासून माग जवळजवळ बंदच होता. विणकऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा जे सांगू शकलं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

काठीने ती ढवळायला गेली तर कापड काठीला आलंच नाही. आलं ते शेवाळासारखं काहीतरी. तिने हंडा उतरवला, गार पाणी ओतलं, हात घातला. बोटांत धागे यायचे आणि बोटांतच विरायचे. तांबडी रेघ पाण्यात गुलाबी होऊन पसरली होती.

आवडाबाई तेल लावायला आली तेव्हा इनास हंड्यापाशी नुसती बसलेली होती. आवडाबाईने आत डोकावून पाहिलं. तिला वाटलं कांजी आहे. मग कळलं. तिने आत जाऊन पोरीला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली, आणि निघताना एवढंच म्हणाली, "आज सांग गो. उद्यावर टाकशील तर उद्या जड होईल."

अल्फान्सो आला, मागापाशी बसला. माग खड्ड्यातला, खड्ड्यात पाय सोडून बसायची त्याची सवय अजून होती, विणत नसला तरी. गुळगुळीत दाढीवरून हात फिरवत होता. इनासने हंडा आणून त्याच्यासमोर ठेवला. काय बोलायचं ते चुलीपाशी तीनदा घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"बाबा, कपितानाचं कापड," ती म्हणाली. "मी उकळलं."

म्हाताऱ्याने हंड्यात हात घातला. बराच वेळ बोटं पाण्यात फिरत राहिली. मग त्याने विचारलं, "खार घातलास?"

"मूठभर."

"मूठभर," तो म्हणाला. "मग राहील कसं?"

ती रडायला लागली. रडता रडता सगळं सांगितलं, देवीचं, भिंतीचं, सरकारी माणसाचं. आणि शेवटी हेही, की पहिल्याला कापड मिळालं नाही आणि आता हिलाही मिळणार नाही, आणि दोन्ही वेळेला आई मीच. अल्फान्सोने तिला थांबवलं नाही. तिचं संपल्यावर हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"हे मीच विणलं होतं," तो म्हणाला. "कायतान पोटात होता तेव्हा."

इनासला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग त्याने सांगितलं. रेशीम ते, अडीचशे वर्षं कसं टिकेल? पेटीतलं कापड विरायला आलं की घरातला विणकर दुसरं विणतो. तेच माप, तीच रेघ. गाजावाजा करायचा नाही. बापाने त्याला सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापाने. कायतानला सांगायचं राहिलं, कारण कायतान विणकर झाला नाही.

रडणं थांबून इनासला आता राग आला. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना खोटंच सांगत आलात, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"खोटं कशाला? कपितान आला तर त्याच्या हातात काय फाटकं ठेवायचं? माल तयार पाहिजे. त्याला उशीर होतोय तो त्याचा प्रश्न."

इतकं गंभीरपणे म्हणाला की इनासला हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून पुन्हा रडू आलं.

अल्फान्सोने तिचा हात धरून मागावर ठेवला. तिथे मागाच्या फणीतून वीतभर धागे बाहेर आले होते आणि काठीला घट्ट बांधलेले होते. धूळ बसू नये म्हणून वर फडकं. एवढं मात्र पास्कूपासूनचं आहे, त्याने सांगितलं. विणून झालं की कापड कापायचं, पण ताणा, म्हणजे उभे धागे, पुरता काढायचा नाही. वीतभर मागावर ठेवायचा. नवा ताणा आला की एकेक धागा जुन्या टोकाला पिळून सांधायचा, मग जुन्याच्या मागोमाग नवा फणीतून पुढे येतो. सगळेच विणकर असं करतात, नाहीतर नऊशे धागे नव्याने ओवत कोण बसणार? पण या घरात ते टोक कधी तुटू दिलं नव्हतं. फण्या बदलल्या, खुंट बदलले, एकदा घर जळलं तेव्हा पणज्याने आधी फणी बाहेर काढली आणि मग बायको. पणजीने ते त्याला मरेपर्यंत ऐकवलं.

"मग आता विणा," इनास म्हणाली. "रविवारला सहा दिवस आहेत."

म्हाताऱ्याने फणीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, ताणा तयार आहे. दोन वर्षांपासून आहे, माळ्यावर, फडक्यात बांधून. गेलं पोर पोटात होतं तेव्हाच त्याने तो काढला होता, कारण पेटीतलं कापड घडीवर चिरायला लागलं होतं. सांधायला बसला आणि धागे दिसेनात. बोटाला लागायचे, पण हा कुठला आणि तो कुठला ते कळेना. माग का बंद आहे असं कुणी विचारलं की तो सांगायचा, रेशीम महाग झालंय.

"खोटं बोललो असेन तर ते एवढंच," तो म्हणाला. "विणायला मला डोळे लागत नाहीत. सांधायला लागतात. आणि विणताना धागा तुटला तर बघायला लागतात." मग तिच्याकडे वळून, "तुझ्यासारखे. पोरीचा श्वास चार हातांवरून मोजणारे."

इनासने झोळीकडे पाहिलं. आजवर या नजरेची थट्टाच झाली होती.

मंगळवारी सकाळी ती खड्ड्यात पाय सोडून बसली. पोरीची झोळी आवडाबाईने मागाच्याच आडव्या दांडीला बांधून दिली, म्हणजे मान वर केली की पोर दिसावी. अल्फान्सो शेजारी, ताण्याचं टोक मांडीवर घेऊन. पहिला धागा तिने त्याच्या हातून घेतला, जुन्या टोकाला लावला, अंगठ्याला राख लावून पिळला. सोडला तर सुटला. दुसरा सुटला. दहावा टिकला. "ओढून बघ," तो म्हणाला. ओढून बघितला. टिकला. दुपारपर्यंत शंभर झाले. पोर उठायची, इनास तिला मांडीवर घेऊन पाजायची आणि पाजता पाजता डोळ्यांनी पुढचा धागा शोधून ठेवायची. संध्याकाळी आवडाबाई बोंबलाचं कालवण घेऊन आली, मागाकडे बघून म्हणाली, "एवढी नजर माझ्या जाळ्यावर लावलीस तर गो, माझा दादला तुला होडीत वाटा देईल."

दुसऱ्या दिवशी, पाचशेच्या आसपास, इनासने हातातला धागा तसाच धरून विचारलं.

"बाबा, त्याला कापड मिळालं असतं तर?"

कुणाला ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने कमरेची चावी चाचपली.

"चावी माझ्यापाशी होती. मुंबईत मशीद बंदरावर मी चहा पीत बसलो होतो, त्या वेळी." त्याने चावी सोडली. "पोरी, कायतानच्या आधी मला दोन झाले होते. आवडाबाईच्या सासूनेच बाळंतपणं केली. दोघेही याच कापडात देवळात गेले, याच्या आधीच्या कापडात. मोठा सहा महिन्यांचा होऊन गेला, धाकटा वर्षाचा. कापड कुणाला राखत नाही."

झोळीत पोरीने जांभई दिली. गल्लीतून कुणीतरी मिठाची गाढवं हाकत नेत होतं.

"मग कशाला विणायचं?" इनासने विचारलं.

"कुणाचं तरी पोर यायचं आहे, म्हणून," तो म्हणाला. "कापड तयार असलेलं बरं."

इनासने हातातला धागा पिळला, ओढून पाहिला. त्या दिवशी पोर झोपली तेव्हा बोट नाकाखाली धरायला ती एकदाच उठली.

गुरुवारी दुपारी नऊशे पुरे झाले. जुन्या वीतभर ताण्याने नव्याला हलके हलके फणीतून ओढून घेतलं. सांधे तटातट तुटतील म्हणून इनास प्रत्येकावर नजर ठेवून होती, पण सातच तुटले. मग अल्फान्सो खड्ड्यात उतरला आणि ती वर त्याच्या समोर बसली. धोटा त्याच्या हातात आला तसा म्हाताऱ्याच्या पाठीचा कणाच बदलला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, फणीचा ठोका. गल्लीतली माणसं दारातून डोकावून गेली. दोन वर्षांनी त्या घरातून तो आवाज येत होता. पोर त्या ठोक्यांवर अशी झोपायची की इनासला वाटावं हिला पोटातच कुणी हे ऐकवलं होतं.

"तुटला," इनास म्हणायची. तो थांबायचा. ती वाकून सांधायची. "चला." पुन्हा ठोका.

पण हात म्हातारे होते, आणि नवं रेशीम चिडखोर. शुक्रवारी वीतभर झालं. शनिवारी संध्याकाळी कायतान गाडीने आला तेव्हा त्याला दारातच ठोका ऐकू आला. आत येऊन बघतो तर बाप विणतोय, बायको राखेने माखलेल्या बोटांनी धागे राखतेय आणि मुलगी दांडीला टांगलेली. काय झालं ते त्याला इनासनेच सांगितलं, खारासकट. मुंबईहून विलायती जाळीचं झबलं आणता येईल असं त्याच्या मनात होतं, ते त्याने मनातच ठेवलं. अंगरखा काढून मागाशी बसला आणि बापाला म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या. तोवर मला येतंय का बघू." लहानपणी शिकलेलं होतं; बोटभर विणलं, वाकडं. अल्फान्सो जेवून आला, बोटाने चाचपलं, आणि त्याने ते उसवलं नाही.

रविवारी सकाळी पहिली घंटा झाली तेव्हा कापड हातभरच होतं. दीड हात व्हायला अर्धा हात कमी. इनासने मोजलं, पुन्हा मोजलं. पाय उघडे राहणार. गुंडाळायला धड पुरणार नाही. एवढं करून अपुरंच, असं तिच्या मनात आलं आणि आठवडाभर दूर राहिलेली भीती दारापाशी येऊन उभी राहिली.

"काप," अल्फान्सो म्हणाला.

"बाबा, कमी आहे."

"काप. वीतभर ठेवून काप."

तिने कापलं. वीतभर ताणा मागावर ठेवला, काठीला बांधला, वर फडकं घातलं. पोरीला त्यात ठेवलं तर दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर, आणि ती ते जोरजोरात हलवत होती.

"राहू दे बाहेर," आवडाबाई म्हणाली. "चालत जायचं असेल तिला."

देवळात पाद्र्यांनी डोक्यावर पाणी घातलं. पोर अशी ओरडली की मागल्या बाकावरचे हसले. नाव रेजिना ठेवलं. इनासने कापडाच्या टोकाने कपाळावरचं पाणी टिपलं, आणि ते टिपताना दोन वर्षांपूर्वीचा आवडाबाईचा पदर तिच्या डोळ्यांपुढे आला. तोही असाच मऊ असेल, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. देवळाच्या दाराशी आवडाबाई बाहेर थांबली होती. इनासने पोर आधी तिच्याच हातात दिली.

घरी येईपर्यंत रेजिनाने भरपेट दूध पिऊन त्यातलं निम्मं कापडावर काढलं होतं. कापड घेऊन इनास सासऱ्यापुढे उभी राहिली. पेटीत कसं ठेवायचं, धुवायचं तर नाही.

अल्फान्सोने कापड हातात घेतलं. बोटांनी लांबी चाचपली, कायतानचा वाकडा पट्टा चाचपला, दुधाचा ओला डाग चाचपला. कोपरापासून बोटापर्यंत लावून पाहिलं आणि मान हलवली.

"हे पेटीत कशाला? हे माप कपितानाचं नाही. त्याला दीड हात सांगितलंय, आखूड माल देऊन घराचं नाव घालवायचं? त्याचं पुन्हा विणावं लागेल." कापडाची घडी घालून त्याने ती सुनेच्या हातात दिली. "हे पोरीचं."

इनास घडी हातात घेऊन उभीच राहिली. त्या घरात स्वतःचं कापड असलेलं ते पहिलं मूल.

"म्हणजे धुतलं तर चालेल?" तिने विचारलं.

"धू की." म्हातारा खड्ड्यात उतरून फणीवरचं फडकं बाजूला करत होता. "गार पाण्यात. आणि पोरी, खार नको."